एका छपराखालची मिळकत

१

एल्वा स्प्रेग खुर्चीत मेलेली सापडली तेव्हा तिची पाठ टीव्हीकडे होती आणि तोंड भिंतीवरच्या पांढऱ्या यंत्राकडे. अंगावर दोन गोधड्या, डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर यंत्राचा रिमोट. मांजराच्या वाडग्यातलं पाणी गोठलं होतं. मांजर मात्र गोधडीच्या आत, तिच्या पोटाशी, जिवंत होतं.

घरात कुणी घुसल्याची खूण नव्हती. चोरण्याजोगी एकच वस्तू होती, तो हीट पंप, आणि तो जागेवर होता. अर्धा भाग आत भिंतीवर, अर्धा बाहेर लोखंडी घोडीवर. बाहेरच्या गार हवेतलीच ऊब ओढून घरात सोडणारं हे यंत्र अमेरिकेतल्या मेन राज्याच्या योजनेतून गेल्या शरदात बसलं होतं. योजनेचा हिशेब सरळ होता: घरची मिळकत जितकी कमी, तितकी सवलत जास्त. एल्वा सगळ्यात खालच्या पायरीवर होती. यंत्र तिला जवळजवळ फुकट पडलं. वासाला कंटाळून तिने जुनी केरोसीनची शेगडी त्याच आठवड्यात भंगारात दिली.

वादळ पहाटे थांबलं होतं. जिल्हा पोलिसांतल्या हेस्टर डिन्समोर बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या दुसऱ्या फेरीमागोमाग टिबेट्स कोव्ह गावात पोचल्या. एल्वाचा नातू कॉर्बिन पायरीवर बसला होता. चोविशीतला, दाढी वाढलेला, हातमोजे न घातलेला.

"रस्ता मोकळा झाला तसा आलो," तो म्हणाला. "दार ढकललं तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. हाक मारली. मग हात लावून बघितला."

"त्याआधी कधी आला होतास?"

"रविवारी. चर्चमधून घरी सोडलं तिला."

हेस्टर आत गेल्या. पहिला संशय त्यांना काटकसरीचा आला. इकडच्या म्हाताऱ्या विजेच्या बिलाला भुतासारख्या भितात. पण रिमोट चालू होता आणि त्यावर आकडा होता बहात्तर. फॅरनहाइटमधला बहात्तर म्हणजे उघड्या हातांनी पत्ते खेळावेत इतकी ऊब. भिंतीवरचं यंत्र मात्र मुकं होतं. एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. हेस्टरनी विजेचा मुख्य खटका खाली ओढला, थोडं थांबून वर केला. यंत्र हुंकारलं, आणि काही वेळाने खोलीत ऊब पसरू लागली.

दारातून कॉर्बिन बघत होता. "आता बरं चालतंय," तो म्हणाला. "रात्री काय झोपा काढत होतं? ड्वाइट बॅगलीला विचारा. त्यानेच बसवलंय. गरिबाच्या घरचं काम म्हणून काहीतरी टाकाऊ डकवलं असणार."

शेरीफचा फोन आला. योजनेच्या कार्यालयातून त्यांना फोन गेला होता: मृत्यू यंत्रामुळे असेल तर ड्वाइटचं नाव योजनेच्या कारागिरांच्या यादीतून आजच काढायचं. सदोष मनुष्यवधाचा खटला होईल की नाही, ते सरकारी वकील बघतील.

"जिल्ह्यात खालच्या पायरीची कामं घेणारा दुसरा माणूस नाही," हेस्टर म्हणाल्या. "त्याच्याकडे अजून सहा घरं थांबलीत. सगळी म्हातारी माणसं."

"मग संध्याकाळपर्यंत मला दुसरा कुणी तरी दे," शेरीफ म्हणाले.

हेस्टर घराच्या मागे गेल्या. बाहेरचा पंखा फिरत होता. त्याने त्यांच्या बाहीवर काहीतरी हिरवं उडवलं. झाडाची एक पानसुई. त्यांनी ती हातमोज्यात ठेवली. मग त्या उकिडव्या बसून यंत्राच्या खाली बघत राहिल्या. तिथे काहीच नव्हतं. नुसतं कोरडं, गोठलेलं गवत.

२

ड्वाइट बॅगलीचं दुकान म्हणजे जुनं बोटींचं गोदाम. तो बाकावर बसून डोनट खात होता, म्हणजे डोनट हातात होतं आणि तो ते खात नव्हता. बातमी पोचली होती.

"बसा," तो म्हणाला. "ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. मी बसवलेल्या कुठल्याच वस्तूवर आता कुणी बसणार नाही म्हणा."

"यंत्र बिघडलं होतं का, ड्वाइट?"

"नाही. हे मी आईच्या थडग्यावर हात ठेवून सांगेन, पण आई मला ओळखून होती, तेव्हा त्याचा उपयोग नाही. दोन आठवड्यांपूर्वी जाऊन बघून आलो. एल्वाबाईंनी गुळाच्या कुकीज दिल्या. घर इतकं उबदार होतं की मला कोट काढावा लागला."

"मग काल रात्री का थांबलं?"

"तसं ते अधूनमधून थांबतंच. थंडीत बाहेरच्या जाळीवर हिम धरतं, मग यंत्र आतली ऊब बंद करून आधी स्वतःचं हिम वितळवतं. थोड्या वेळात पुन्हा सुरू. म्हातारी माणसं घाबरतात, उगाच बटणं दाबतात. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवतो: थांबलं तर शांत बसा, ते परत येतं." तो बोलता बोलता अडखळला. "त्यांनाही सांगितलं होतं."

खुर्ची यंत्राकडे वळवून बसलेली एल्वा हेस्टरना दिसली. फोन तिच्या हाताशी होता. तिने कुणालाही लावला नव्हता.

"हिम वितळतं, त्याचं पाणी कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

"खाली ठिबकतं. गोठतं. वादळाच्या रात्री यंत्राखाली बर्फाचं ढेकूळ तयार होतं. डोक्याएवढं. उलट, ढेकूळ दिसलं की समजावं, गडी काम करतोय."

"एल्वाकडे ढेकूळ नव्हतं. थेंबही नव्हता. गवत कोरडं होतं."

ड्वाइटने डोनट खाली ठेवलं. हे उत्तर त्याच्या विरुद्ध जात होतं आणि त्याला ते कळलं होतं. "म्हणजे वादळ सुरू झाल्यावर लगेच बंद पडलं," तो सावकाश म्हणाला. "रात्रभर बंद." मग त्याची मान वर आली. "कोरडं? गवत दिसत होतं तुम्हाला?"

"का?"

"ईशान्येचा वारा होता. त्या भिंतीवर गुडघाभर बर्फ साचायला हवा. वादळाच्या रात्री तिथे गवत दिसूच शकत नाही. कुणी फावड्याने ओढला होता का?"

हेस्टरनी आठवून पाहिलं. फावड्याच्या खुणा नव्हत्या. यंत्राभोवती अर्धवर्तुळ मोकळं होतं आणि त्याच्या कडेला बर्फ उभा, भिंतीसारखा. उपडा ठेवलेला डबा उचलल्यावर राहतो तसा.

"ओढला नव्हता," त्या म्हणाल्या. "पडलाच नव्हता. बर्फ पडत होता तेव्हा यंत्रावर काहीतरी झाकलेलं होतं. आणि सकाळी मी पोचायच्या आत कुणीतरी ते उचलून नेलं."

"यंत्र झाकलं तर ते गुदमरतं," ड्वाइट म्हणाला. "हवा ओढता आली नाही तर स्वतःला बंद करून घेतं, आणि मग खटका पाडून उचलल्याशिवाय उठत नाही. बाई, हे ज्याने केलं त्याने उशी तोंडावर दाबावी तसं केलं."

३

रस्त्यापलीकडे लिनवुड डेनिसनचं घर. शनिवार असल्याने, इकडच्या रिवाजाप्रमाणे, त्याच्या चुलीवर घेवड्याचं भांडं ठेवलेलं होतं. लिनवुडला या गावात सगळं ठाऊक असतं, कारण त्याच्या खिडकीला दुसरं काम नाही.

"पोरी, तुझा बाप असता तर एव्हाना बशी घेऊन बसला असता," तो म्हणाला. "तू मात्र उभीच. माझ्यावर संशय आहे वाटतं?"

"एल्वाच्या घराला फांद्या कोण लावतं, लिनवुड?"

"मीच. माझ्या लग्नाआधीपासून. तिचं घर खांबांवर आहे, खालून वारा वाहतो. थंडीच्या तोंडाला पायथ्याशी फांद्या रचल्या नाहीत तर जमिनीतून गारठा चढतो." त्याने डोळे बारीक केले. "यंत्रावर नाही हं रचल्या. ड्वाइटने मला तिथे उभं करून बजावलं होतं, चार हात लांब राहा म्हणून. वाटलं तर बायबल आण."

"कुठल्या फांद्या?"

"स्प्रूसच्या झाडाच्या. दुसऱ्या कुठल्या? स्प्रूसला काय किंमत?"

हेस्टरनी हातमोज्यातली पानसुई काढली आणि अंगठा नि बोटामध्ये फिरवून पाहिली. ती फिरेना. स्प्रूसची सुई चौकोनी, ती बोटात गरागरा फिरते. ही चपटी होती.

लिनवुडने लांबूनच बघितलं. "फरचं झाड," तो म्हणाला. "फर कुणी घराच्या पायाशी रचत नाही, पोरी. त्याच्या शेंड्यांची नाताळची तोरणं होतात. सगळा जिल्हा नाताळापर्यंत त्याच्यावर जगतो."

"आणि शेंडे खुडून उरलेल्या फांद्या?"

"त्या जाळतात. किंवा..." लिनवुड थांबला आणि घेवडा ढवळायला उठला. भांड्यात ढवळण्यासारखं काही नव्हतं.

"कॉर्बिन कुठे राहतो हल्ली?"

"खडीच्या खाणीत. कोण्या शिकाऱ्याचा जुना चाकांवरचा कॅराव्हॅन आहे, त्यात. माणसाने राहावं असं ते नाही."

"आजीचं घर सोडून?"

"त्या योजनेमुळे. एका छपराखालची सगळी मिळकत धरतात ना. पोरगा तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिखलातून शिंपले काढतो, नाताळात तोरणं बांधतो, उन्हाळ्यात ब्लूबेरी. श्रीमंत नाही, पण दोघांचं मिळून एल्वा वरच्या पायरीवर जात होती. तिथे सवलत अर्धी. उरलेलं अर्धं तिच्याकडे कुठून येणार? म्हणून पोराने पिशवी भरली आणि गेला. कपबशीसुद्धा ठेवली नाही मागे."

"पण भेटायला यायचा."

"आधी रोज. मग मीच एकदा..." लिनवुडने चमचा खाली ठेवला. "गंमत केली गं. म्हटलं, पोरा, एल्वाच्या दारात बुटांचे दोन जोड दिसले तर राज्याचा माणूस मोजून जाईल, आणि यंत्र भिंतीवरून उपटून नेईल. तो हसला नाही. त्यानंतर त्याची गाडी आवारात कधी शिरली नाही. रविवारी चर्चला तेवढा न्यायचा, आणि सोडायचा तोही फाटकाशी."

"काल संध्याकाळी?"

लिनवुडने खिडकीकडे बघितलं. "बर्फाला नुकती सुरुवात झाली होती. एक गाडी रस्त्याच्या तोंडाशी थांबली आणि दिवे विझले. मला वाटलं, बर्फ हटवणारा असेल." त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. "मला तसं वाटलं नव्हतं, हेस्टर. पण तू माझं नाव त्याला सांगू नकोस."

४

खाणीच्या वाटेवर हेस्टरनी गाडी थांबवून योजनेच्या कार्यालयाला फोन केला. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. उत्तर मिळालं, आभार मानले, आणि पुढचा रस्ता त्यांनी जरुरीपेक्षा सावकाश कापला.

कॅराव्हॅनच्या पायथ्याशी फरच्या फांद्या रचलेल्या होत्या, सगळ्या शेंडे खुडलेल्या. तीन बाजूंनी त्यावर वादळाचा जाड बर्फ होता. चौथ्या बाजूच्या फांद्यांवर बर्फ नव्हता. त्या आज सकाळी तिथे टाकलेल्या होत्या, आणि त्यातल्या काहींना अजून हिरवी दोरी बांधलेली होती.

कॉर्बिनने दार उघडलं. आत एक माणूस वळला तर दुसऱ्याला बसावं लागेल एवढीच जागा. मांजर त्याने बरोबर आणलं होतं.

"ड्वाइटला पकडलं?" त्याने विचारलं.

"काल संध्याकाळी तू आजीकडे होतास."

त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याने खिडकीतून फांद्यांकडे बघितलं आणि तो बसला. "मी आत नाही गेलो," तो म्हणाला. "मिस डिन्समोर, शपथ. एक पाऊलसुद्धा नाही. ते लिहून घ्या. मी तिथे राहत नव्हतो."

"कशाला आला होतास?"

"वादळ येतंय म्हणून सांगत होते ना सगळे. ईशान्येचा वारा, आणि ते बिचारं उघड्यावर, नेमकं त्याच बाजूला. लिनवुडने घराला सगळीकडे फांद्या लावल्या, तेवढी जागा सोडून. मला वाटलं, विसरला म्हातारा." तो भराभर बोलत होता, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही अशा माणसासारखा. "गाडी रस्त्यावर ठेवली. चार कवळ्या नेल्या. पंख्याच्या बाजूला जाड थर दिला, सगळा वारा तिकडूनच होता. दोरीने आवळून बांधलं. हाताला आत ऊब लागत होती, मिस डिन्समोर. म्हटलं, आता रात्रभर टिकेल."

"तिने बघितलं तुला?"

"खिडकीतून. ये म्हणाली हाताने. स्टू दाखवला, भांडं उचलून. मी लिनवुडच्या घराकडे बोट केलं आणि मान हलवली. तिने लिनवुडच्या दिशेने जीभ काढून दाखवली." त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "मग मी निघालो."

"आणि सकाळी काढल्यास."

"तुम्ही विचारलं असतं, कुणी बांधल्या. मग निघालं असतं की मी येतो-जातो. तिच्या नावावर फसवणूक लागली असती. मेलेल्या बाईला खोटारडी ठरवतात का? ठरवतात. म्हणून आधी फांद्या उचलल्या, मग तुम्हाला फोन केला." त्याने मांजराला मांडीवर घेतलं. "ते सगळं मान्य आहे मला. पण ड्वाइटला सोडू नका. त्याच्या यंत्राने मारलं तिला."

हेस्टर उभ्याच होत्या. त्याला अजून कळलं नव्हतं. त्यांनी आजवर पुष्कळ कबुलीजबाब घेतले होते, पण ज्याचा गुन्हा स्वतःला माहीत नाही अशा माणसाचा कधी घेतला नव्हता. त्या आत्ता निघून गेल्या असत्या तर ते त्याला कधी कळलं नसतं. संध्याकाळी ड्वाइटचं नाव यादीतून गेलं असतं, आणि सहा म्हाताऱ्या माणसांची घरं उरलेल्या थंडीत तशीच राहिली असती. बाहेर, फांद्यांवर, दोरी तशीच होती.

"कॉर्बिन," त्या म्हणाल्या, "ते यंत्र बाहेरच्या हवेवर चालतं. हवा अडली की ते बंद पडतं."

त्याने मान हलवली, हो, हे ठाऊक आहे, अशी. मग ती हलायची थांबली.

५

जबाब पूर्ण व्हायला दुपार गेली. तो सगळं सांगत होता, विचारलं नव्हतं तेही. दोरी कुठून आणली. गाठ कुठली. पंख्याचा आवाज बांधल्यावर बदलला होता, हेही त्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं, वारा अडल्यामुळे यंत्राला बरं वाटतंय.

हेस्टरनी गाडीत बसून शेरीफला कळवलं: अपघात. मग ड्वाइटला.

"कोणी?" ड्वाइटने विचारलं. त्यांनी सांगितलं. पलीकडे त्याने रेडिओ बंद केला.

"म्हातारीला मी सांगितलं थांबायला," तो म्हणाला, "आणि पोराला सांगायचं राहिलं. लिनवुडला सांगितलं, तिला सांगितलं. पोरगा तिथे राहत नव्हता ना. कागदोपत्री नव्हताच तो."

"तुझं नाव राहील यादीत."

"राहू दे. सहातल्या चौघांनी सकाळीच नको म्हणून कळवलंय. एक तर माझी मावशी आहे. म्हणाली, केरोसीन वास मारतं, पण रुसून बंद पडत नाही." मग म्हणाला, "उरलेले दोघंही कळवतील. मी मधे पडणार नाही."

त्याने फोन ठेवला. हेस्टर परत कॅराव्हॅनमध्ये गेल्या, कारण कुणीतरी त्याच्याबरोबर थांबायला हवं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. कॉर्बिन हललेला नव्हता. मांजर चुलीपाशी गेलं होतं.

"तिला त्रास झाला असेल?" त्याने विचारलं.

"थंडीत आधी झोप येते," त्या म्हणाल्या. हे खरं होतं.

"आत गेलो असतो तर बंद पडलेलं कळलं असतं मला. जेवलो असतो. तिथेच राहिलो असतो, वादळात कोण परत येतं. खटका मला माहीत होता." तो स्वतःच्या हातांशी बोलत होता. मग त्याने वर बघितलं, आणि हेस्टरना कळलं की आता तो ते विचारणार.

खाणीच्या वाटेवर त्यांनी कार्यालयाला हेच विचारलं होतं. पलीकडच्या मुलीने तत्परतेने सांगितलं होतं: मिळकत अर्जाच्या वेळी बघतात. एकदा यंत्र बसलं की घरात कोण राहतं ते कुणी मोजत नाही. नातू दुसऱ्या दिवशी परत राहायला आला असता तरी चाललं असतं. हा प्रश्न आम्हाला फारसा कुणी विचारत नाही, असंही ती म्हणाली होती.

"मिस डिन्समोर," कॉर्बिन म्हणाला, "मी तिथे राहतो असं दिसलं असतं, तर खरंच काढून नेलं असतं का हो त्यांनी यंत्र?"

"हो," हेस्टर म्हणाल्या. "नेलं असतं."

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"म्हणजे तेवढं तरी मी बरोबर केलं," तो म्हणाला.